पहारेकऱ्यांचें ऋण

मुंबईच्या वाचकांस 'शेरीफ' हा शब्द नवा नाहीं. इंग्रजी अमदानींत निर्माण झालेलें हें पद स्वातंत्र्यानंतरहि टिकलें, 'नगरपाल' असें त्याचें बारसें झालें, आणि १९८० सालीं दिलीपकुमारांसारख्या नटश्रेष्ठाकडेहि तें चालून आलें. परंतु हा आमचा शेरीफ म्हणजे केवळ मानाचा विडा. शहरांतील एखाद्या नामवंत गृहस्थास तो वर्षभरासाठीं द्यावयाचा, त्यानें सभा-समारंभांस शोभा आणावयाची, आणि वर्ष सरतांच पुन्हां आपल्या उद्योगास लागावयाचें. चोराच्या मागें धावणें त्याच्या नशिबीं नाहीं, आणि चोराच्या हातून मरणें तर नाहींच नाहीं.

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांच्या मुलुखांत मात्र याच नांवाचा मनुष्य अजून रात्रींबेरात्रीं हिंडत असतो. घोडा जाऊन मोटार आली, एवढाच काय तो फरक. मूळ शब्द जुन्या इंग्लंडांतला. 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. दोहोंचा मिळून 'शेरीफ' झाला. परगण्याचा हा राजनियुक्त कारभारी वसाहतवाल्यांबरोबर समुद्र ओलांडून गेला, आणि तेथें तो राजाचा न राहतां लोकांचा झाला. बहुतेक राज्यांत आज कौंटीचे लोक त्याला मतें देऊन निवडतात, आणि तो आपले मदतनीस नेमतो. त्यांना तिकडे 'डेप्युटी' म्हणतात. समन्स पोंचविणें, जप्ती बजावणें, कौंटीचा तुरुंग संभाळणें, न्यायालयाची राखण करणें आणि कोठें तंटा माजला कीं धावून जाणें, हीं त्यांचीं कामें. कौंटी म्हणजे आमचा जिल्हा समजावा. परंतु विस्तारानें जिल्हा आणि वस्तीनें एखादा कसबा, अशी पुष्कळ ठिकाणीं स्थिति असते.

अशा एखाद्या कौंटीच्या शेरीफ-कचेरींतील मृत माणसांची आठवण ठेवण्याचा जो प्रघात तिकडे आहे, त्याविषयीं आज चार शब्द लिहावे असें मनांत आहे. विषय दूरदेशचा आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्यानें आपल्यासाठीं पहारा केला त्याचें स्मरण समाजानें कसें ठेवावें, हा प्रश्न कोणत्याहि एका मुलुखाचा नाहीं. आणि ज्या जागीं उभें राहून आम्हांला त्याचा प्रथम नीट विचार करावा लागला, ती जागा अमेरिकेंत आहे, एवढेंच.

वाङ्मयाचा कल पहिल्यापासूनच बंडखोराकडे आहे. रॉबिन हूडच्या गोष्टी आम्ही शाळेंत असतांना किती आवडीनें वाचल्या! त्या गोष्टींत नॉटिंगहॅमचा शेरीफ प्रत्येक वेळीं फसतो, आणि वाचणारीं मुलें टाळ्या पिटतात. त्या शेरीफला कांहीं नांव होतें कीं नाहीं, त्याला पोरेंबाळें होतीं कीं नाहीं, त्याच्या शिपायांपैकीं जे बाण लागून पडले त्यांच्या घरीं त्या रात्रीं चूल पेटली कीं नाहीं, ही चौकशी करण्याचें आमच्या मनांतहि आलें नाहीं. तसें तें यावें, अशी गोष्टीची रचनाच नसते. जो कायदा मोडतो त्याच्या ठायीं कांहीं तरी इच्छा धगधगत असते, आणि गोष्ट त्या इच्छेच्या मागें धावते. जो कायदा राखतो त्याला बहुधा फक्त काम असतें. आणि कामाची गोष्ट सहसा होत नाहीं.

याचें आम्हांला ठाऊक असलेलें सर्वांत ठळक उदाहरण न्यू मेक्सिकोंतील लिंकन कौंटीचें. १८७८ सालीं ही कौंटी इतकी अफाट होती कीं न्यू मेक्सिकोच्या आग्नेय दिशेचा बहुतेक सर्व मुलूख तिच्या पोटांत मावत असे. गुरें, कुरणें आणि सरकारी छावण्यांना मांस-धान्य पुरविण्याचे मक्ते, यांवर तेथील पैसा चाले. आणि त्या पैशासाठीं दोन व्यापारी पक्षांत जी झुंज लागली, ती 'लिंकन कौंटीचें युद्ध' म्हणून प्रसिद्ध आहे. एका बाजूस मर्फी आणि डोलन यांची जुनी पेढी होती. दुसऱ्या बाजूस जॉन टन्स्टल हा अवघा चोवीस वर्षांचा इंग्रज आणि त्याचा वकील-मित्र मॅक्स्वीन हे होते. १८ फेब्रुवारी १८७८ रोजीं टन्स्टलच्या मालमत्तेवर जप्ती आणण्यासाठीं शेरीफनें पाठविलेल्या टोळींतील लोकांनीं त्याला वाटेंत गांठून ठार केलें. त्याचीं माणसें सूडास पेटलीं. त्यांच्यांत विशीच्या आंतबाहेरचा एक पोरगा होता. त्यालाच जग पुढें 'बिली द किड' म्हणूं लागलें.

या पोराच्या वांट्याला जी कीर्ति आली ती थोर सेनापतींनाहि क्वचित् लाभते. त्याच्यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट निघाले. १९३८ सालीं आरन कोपलंड या संगीतकारानें त्याच्या चरित्रावरील नृत्यनाट्याला संगीत दिलें. दंतकथेनें त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक याप्रमाणें एकवीस खून त्याच्या नांवावर मांडले. इतिहासकार तो आंकडा बराच खालीं आणतात. परंतु आंकडा लहान असो वा मोठा, त्या आंकड्यांत कोण कोण होते हें विचारणारा विरळा. त्यांतले कांहीं लिंकन कौंटीच्या शेरीफचे लोक होते.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक भाचा नोकरीनिमित्त न्यू मेक्सिकोंत होता; त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्या मुक्कामांत एके दिवशीं त्यानें आम्हांला मोटारींतून लिंकन गांवास नेलें. गांव कसलें, एक रस्ता आणि त्याच्या दोहों अंगांस मातीच्या जाड भिंतींचीं कांहीं घरें. सभोंवार डोंगर, आणि जवळून वाहणारी रिओ बोनितो नांवाची ओढ्याएवढी नदी. कौंटीचें ठाणें केव्हांच येथून उठून कॅरिझोझो गांवीं गेलें. आतां हें गांव जवळजवळ सबंधच्या सबंध संग्रहालय होऊन बसलें आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडीं एकच नांव. आम्ही पांच नांवें चिठ्ठीवर उतरवून नेलीं होतीं. ती चिठ्ठी काढून एकेकाची जागा विचारूं लागलों तेव्हां भाचा हंसून म्हणाला, "मामा, लोक येथें बिलीसाठीं येतात. मेलेल्या शिपायांची हजेरी घेणारे तुम्हीच पहिले असाल." आम्ही म्हटलें, "अरे, बिलीची हजेरी सगळें जगच घेतें आहे. यांची एकदां आपण घेऊं, मग चहाचें बघूं."

पहिलें नांव शेरीफ विल्यम ब्रॅडी याचें. आयर्लंडांत जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेच्या सैन्यांत नोकरी करून न्यू मेक्सिकोंत स्थायिक झाला. बोनिफासिया नांवाच्या तेथील स्त्रीशीं त्यानें लग्न केलें आणि मुलाबाळांचा मोठा प्रपंच थाटला. १ एप्रिल १८७८ च्या सकाळीं तो चार मदतनिसांसह याच रस्त्यानें चालला असतां टन्स्टलच्या दुकानालगतच्या भिंतीआडून गोळ्यांचा वर्षाव झाला, आणि तो तेथेंच कोसळला. वय ४८. दुसरें नांव जॉर्ज हिंडमन. रस्ता तोच आणि सकाळहि तीच. या हिंडमनविषयीं सांगण्यासारखें फारसें कोणी सांगत नाहीं. बहुतेक वर्णनांत तो अर्ध्या वाक्यांत येतो आणि त्याच वाक्यांत मरतो.

तिसरा जेम्स कार्लाइल, व्हाइट ओक्स या खाणींच्या गांवचा लोहार. १८८० च्या अखेरीस बिलीच्या टोळीला एका आडबाजूच्या घरांत वेढा पडला, तेव्हां बोलणीं करण्यासाठीं तो आंत गेला. वेळ वाढत गेला, तशी दोन्हीकडची धांदल वाढली. कोठें तरी बंदूक उडाली, आणि कार्लाइलनें खिडकींतून बाहेर उडी घेतली. तो बर्फांत पडला तो उठला नाहीं. गोळी आंतून आली कीं बाहेरून त्याच्याच सोबत्यांकडून, यावर अजून वाद आहे. भात्यापुढचा मनुष्य भाता टाकून गेला आणि परत आला नाहीं, यावर मात्र वाद नाहीं.

चौथें आणि पांचवें नांव एकत्रच घ्यावें लागतें. १८८१ च्या एप्रिलांत ब्रॅडीच्या खुनाबद्दल बिलीला फांशीची शिक्षा झाली, आणि ती अमलांत आणण्यासाठीं त्याला लिंकनला आणिलें. पॅट गॅरेट हा त्या वेळीं शेरीफ होता. मर्फी-डोलन पेढीची जुनी दुमजली इमारत कौंटीनें घेऊन तिचें न्यायालय केलें होतें; पक्का तुरुंग नसल्यामुळें तिच्याच माडीवर बिलीला बेड्या घालून ठेविलें. २८ एप्रिल रोजीं गॅरेट व्हाइट ओक्सला गेलेला. पहाऱ्यावर जेम्स बेल आणि रॉबर्ट ऑलिंजर असे दोघे. ऑलिंजर इतर कैद्यांना जेवावयास घेऊन रस्त्यापलीकडच्या खाणावळींत गेला, आणि बेल एकटा राहिला. जिन्यावर बिलीनें बेलला गोळी घातली. तो धडपडत खालीं उतरून मागें अंगणांत आला आणि गॉस नांवाच्या म्हाताऱ्याच्या हातांत त्यानें प्राण सोडला. आवाज ऐकून ऑलिंजर धावत आला, तों माडीच्या खिडकींतून त्याचीच बंदूक त्याच्यावर झाडली गेली. पुढें त्याच गॉसनें बिलीला बेडी तोडण्यासाठीं कुदळ दिली. कारण गॉस पूर्वीं टन्स्टलच्या पदरीं होता. लहान गांवांत माणसाच्या निष्ठा अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. मरणाऱ्याला धरणारे हात आणि मारणाऱ्याला सोडविणारे हात एकाच माणसाचे निघतात.

दोघे जेथें पडले तेथें खुणेचे दगड आहेत. आम्ही गेलों त्या दिवशीं जिन्याजवळच्या भिंतींतलें गोळीचें भोंक पाहण्यास मंडळी दाटी करून उभी होती. मागच्या अंगणांत बेलच्या दगडापाशीं आम्ही मामा-भाचे दोघेच. भाच्यानें हंसणें केव्हांच सोडलें होतें. तो म्हणाला, "मामा, याला पळतां आलें असतें तर याचें नांव कोणालाच कळलें नसतें." खरें आहे. मरण आलें म्हणून बेलला अर्धें पान तरी मिळालें. जे जन्मभर पहारा करून अंथरुणावर मेले, त्यांना तेंहि नाहीं.

एवढ्यावरच हें विस्मरण थांबतें तर बोलावयाचें नव्हतें. लिंकन गांवांत दर ऑगस्टांत जत्रा भरविण्याचा जुना प्रघात आहे, आणि बिलीच्या पलायनाचें नाटक हें तिचें मुख्य आकर्षण. म्हणजे बेल वर्षानुवर्षें टाळ्यांच्या गजरांत मरत आला आहे. फोर्ट समनर येथें बिलीचें थडगें आहे. त्यावरचा दगड १९५० सालीं चोरीला गेला तो १९७६ सालीं टेक्ससमध्यें सांपडला, आणि १९८१ सालीं पुन्हां चोरला गेला तो कॅलिफोर्नियांत हातीं लागला. शेवटीं त्या थडग्याला लोखंडी पिंजरा करावा लागला. जिवंतपणीं ज्याला बेडींत ठेवतां आलें नाहीं, त्याला मेल्यावर भक्तांपासून वांचविण्यासाठीं गजांआड ठेवावें लागलें, ही गोष्ट मौजेची खरी. पण बेलचा दगड कोणी चोरील अशी भीति कोणास वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

याहून विलक्षण प्रसंग २०१० सालचा. न्यू मेक्सिकोचे त्या वेळचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांच्यापुढें बिलीला माफी देण्याचा अर्ज आला. १८७९ सालीं गव्हर्नर ल्यू वॉलेस यानें साक्षीच्या मोबदल्यांत बिलीला माफीचें वचन दिलें होतें आणि तें पाळलें नाहीं, असें अर्जदाराचें म्हणणें. हा वॉलेस म्हणजेच 'बेन हर' कादंबरीचा कर्ता. गॅरेटच्या वंशजांनीं आणि वॉलेसच्या वंशजांनीं माफीस विरोध केला. अखेर पदावरील आपल्या शेवटच्या दिवशीं, ३१ डिसेंबर रोजीं, रिचर्डसन यांनीं माफी नाकारली. खून होऊन १३२ वर्षें लोटलीं, आणि सरकारदरबारीं विचार चालला होता तो मारणाऱ्याच्या अब्रूचा! मेलेल्या ब्रॅडीचें कांहीं देणें राहिलें आहे काय, हा प्रश्न त्या अर्जांत नव्हता, आणि असण्याचें कारणहि नव्हतें. अर्ज जिवंत कीर्तीच्या वतीनें होत असतात.

येथें वाचक म्हणतील, 'तुम्ही बिचाऱ्या शिपायांची कैफियत मांडतां हें ठीक. पण ते तरी मोठे साधुपुरुष होते काय?' नव्हते, आणि आमच्या या लेखाचें खरें मर्म याच ठिकाणीं आहे. ब्रॅडी निःपक्षपाती नव्हता. मर्फी-डोलन पेढीकडे त्याचा कल उघड होता. ज्या टोळीनें टन्स्टलला मारलें ती त्याच्या हुकुमानेंच निघाली होती. आणि त्या खुनाची दाद लावण्याच्या कामीं त्यानें जें केलें, किंवा केलें नाहीं, त्यानेंच सूडाचा वणवा पेटला. ऑलिंजरचें चरित्र तर याहून काळें. आडदांड, रक्ताला सोकावलेला आणि बेडींतल्या कैद्याला डिवचण्यांत मौज मानणारा, असें त्याचें वर्णन आढळतें. बेल मात्र सौम्य होता. कैद्याशीं तो माणुसकीनें वागे असें सांगतात, आणि त्याला मारावें लागल्याबद्दल खुद्द बिलीनेंहि खेद दाखविला, अशी आख्यायिका आहे. मग काय करावें? बेलचें नांव ठेवावें आणि ऑलिंजरचें पुसावें? ब्रॅडीच्या नांवापुढें प्रश्नचिन्ह घालावें?

आम्हांला असें वाटतें कीं स्मरणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यानें हा घोटाळा होतो. एक कीर्तीचें स्मरण. तें आपण आपल्या सुखासाठीं करतों. त्यांत माणूस रंगदार असला म्हणजे झालें, चांगला असलाच पाहिजे असें नाहीं. दुसरें ऋणाचें स्मरण. एका माणसानें आपल्या वतीनें एक काम पत्करलें, त्या कामांत त्याचा जीव गेला किंवा आयुष्य सरलें, आणि तें काम नसतें तर आपल्याला तें स्वतः करावें लागलें असतें; म्हणून त्याचें नांव वहींत राहतें. वाण्याची वही धनको कसा आहे हें पाहून लिहिली जात नाहीं. रक्कम दिली-घेतली गेली आहे काय, एवढेंच तिच्यांत दिसतें. लिंकनच्या लोकांनीं बेलला आणि ऑलिंजरला एकाच जिन्याचा पहारा दिला होता. त्या दिवशीं दोघेहि पहाऱ्यावर होते, दोघेहि पडले. वहींत दोन्ही नांवें आलींच पाहिजेत.

परंतु वही प्रामाणिक हवी. ऋणाचें स्मरण म्हणजे मृताला धुऊन-पुसून देव्हाऱ्यांत बसविणें नव्हे. 'कर्तव्यावर असतां वीरगति पावला' हें एकच वाक्य सर्वांच्या नांवापुढें लिहून आपण मोकळे झालों, तर ब्रॅडीबरोबर टन्स्टललाहि आपण दुसऱ्यांदां मारलें असें होईल. ज्या कचेरीनें आपल्या मृतांची यादी ठेवावी, तिनें टन्स्टलचें नांवहि विसरूं नये. कारण तिच्या नांवानें निघालेल्या टोळीनें तो मारला. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जींत आहेत तीच वही. आम्हांला हें सांगणें कठीण वाटलें तरी सांगितलें पाहिजे. कारण मृतांविषयीं चांगलेंच बोलावें या सुसंस्कृत रिवाजानें पुष्कळ सत्य जमिनींत गेलें आहे.

हा विचार करतांना आम्हांला आपल्याकडील वीरगळ आठवतात. गांवच्या शिवेवर, देवळाच्या आवारांत ते उभे असतात. खालच्या पट्टींत झुंज, कित्येकांवर बाजूला गुरांचा कळप. मधल्या पट्टींत अप्सरा त्या वीराला वर नेतात. वरच्या पट्टींत तो शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, तें असेपर्यंत हें स्मरण राहो म्हणून. गांवचीं गुरें चोरांनीं वळविलीं, तीं सोडवितांना कोणी एक पडला. तो स्वभावानें कसा होता, घरीं कसा वागत असे, तें दगड सांगत नाहीं. बहुतेकांवर नांवहि नाहीं. गांवानें काम लक्षांत ठेवलें, नांव हरवलें. अमेरिकन याद्यांत हें उलटें झालेलें दिसतें. तेथें नांव आणि तारीख चोख राहते, आणि हिंडमनसारख्याचा माणूस म्हणून जो कांहीं अंश होता तो निसटून जातो. दोहोंकडेहि कांहीं तरी निसटतेंच. पण दगड रोवणाऱ्याची आणि यादी लिहिणाऱ्याची भावना एकच आहे.

बंदुकीचीं मरणें डोळ्यांत भरतात, म्हणून आम्ही तींच सांगत बसलों. आजच्या ग्रामीण शेरीफ-कचेऱ्यांतील मरणें बहुधा साधीं असतात. पुष्कळ मदतनीस रस्त्यावरच्या अपघातांत जातात. आजची लिंकन कौंटी पूर्वीच्या मानानें लहान, तरी विस्तारानें ती आमच्या सातारा जिल्ह्याहून मोठी आहे; साताऱ्याची वस्ती २०११ च्या शिरगणतींत ३० लाख भरली, आणि लिंकनची २०२० मध्यें सुमारें २० हजार. एवढ्या मुलुखांत रात्रीं एकटा मनुष्य मोटार हांकीत असतो. हांक आली तर दुसरा सोबती कोसांवर. वाटेंत हरिण आडवें आलें, बर्फावर चाक घसरलें, कीं संपलें. कांहीं कामावर असतांना हृदय थांबून जातात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर अमेरिकेंतील जितके पोलीस-शेरीफ कामावर असतां करोनानें नेले, तितके बंदुकीनें नेले नाहींत. त्यांत तुरुंगाचा पहारा करणारे पुष्कळ होते. या मरणांत नाटक नाहीं. कोणत्याहि जत्रेंत यांचा प्रवेश बसविला जाणार नाहीं.

म्हणूनच खेड्यांतील कचेरीनें आपल्यापुरती केलेली यादी आम्हांला मोठ्या स्मारकांहून अधिक बोलकी वाटते. मोठीं स्मारकेंहि आहेत. वॉशिंग्टन येथें १९९१ सालीं उभारलेल्या स्मारकाच्या भिंतींवर आजवर २४ हजारांहून अधिक नांवें कोरलीं गेलीं आहेत. तीं काळानुरूप नाहींत, हुद्द्याप्रमाणें नाहींत, अकारविल्हेहि नाहींत. शेरीफ आणि शिपाई, गेल्या शतकाचा आणि गेल्या सालचा, शेजारीं शेजारीं. १९६२ च्या कायद्यानें १५ मे हा तिकडे स्मरणाचा दिवस ठरला. आपल्याकडे तो २१ ऑक्टोबर. १९५९ सालीं त्या दिवशीं लडाखमधील हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी गोळीबारांत दहा पोलीस पडले, आणि २०१८ सालीं त्याच तारखेस दिल्लींत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचें उद्घाटन झालें. परंतु या भिंतींवर जागा मिळण्यासाठीं कामावर मरावें लागतें. लहान कचेरीच्या यादींत तशी अट नसते. तींत तीस वर्षें समन्स वांटून पेन्शनींत गेलेला म्हातारा असतो, तुरुंगांतल्या कैद्यांना जेवण रांधणारी बाई असते, आणि रात्रभर बिनतारी यंत्रापाशीं बसून दूरच्या एकट्या मोटारीला धीर देणारा आवाज असतो. त्यांना ओळखणारीं माणसें हयात असतात, म्हणून यादींत नांवापुढें कधीं एखादा शब्दहि येतो: हा फार बोलत नसे, ही सर्वांच्या मुलांचे वाढदिवस लक्षांत ठेवीत असे. हिंडमनला असा एखादा शब्द मिळाला असता, तर तो अर्ध्या वाक्यांत मेला नसता.

अशा कचेरींतील मनुष्य गेला कीं त्याच्या अंत्यविधीला एक रिवाज पाळतात. बिनतारी यंत्रावरून त्याच्या क्रमांकानें त्याला हांक घालतात. उत्तर येत नाहीं. पुन्हां हांक, पुन्हां शांतता. मग तिसऱ्यांदां. शेवटीं तोच आवाज त्याचें नांव घेऊन सांगतो कीं याची पाळी संपली, पुढचा पहारा आतां आम्ही पाहूं. लहान गांवांत हांक घालणारी व्यक्ति बहुधा तीच असते, जी रोज रात्रीं 'सुखरूप आहांत ना?' म्हणून त्याला विचारीत असे. आम्ही ही हांक एकदां भाच्याच्या घरीं ध्वनिमुद्रणांत ऐकली. मृत मनुष्य आम्हांला अपरिचित, कौंटीहि अपरिचित. तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या हांकेच्या मधली ती शांतता खोलींतल्या कोणालाच मोडवेना. त्या शांततेंत मृताची थोरवी कोणी गात नव्हतें, आणि त्याचे दोषहि कोणी झांकीत नव्हतें. रोज जेथून उत्तर येत असे तेथून तें आलें नाहीं, एवढीच नोंद तेथें होत होती. आणि ती नोंद घेण्याचें काम जिवंतांनीं आपल्याकडे घेतलें होतें.